हिवाळ्यातली ऊब : पश्चिमेची आणि पूर्वेची

डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कल्याणजवळच्या मोहने परिसरात थंडी सलग टिकत नाही. काही दिवस पहाटे गारठा जाणवतो, मग दोन-तीन दिवस तो नाहीसा होतो आणि पुन्हा येतो. मधल्या उबदार दिवसांची बातमी बहुधा ‘थंडी गायब’ एवढ्या मथळ्यात उरकली जाते. प्रत्यक्षात ही ऊब दोन निरनिराळ्या वाटांनी येते. पश्चिमेकडून येणारी रात्र उबदार करते. पूर्वेकडून येणारी दुपार तापवते.

मोहने उल्हास नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला सुमारे 35 किलोमीटरवर अरबी समुद्र, पूर्वेला 40-45 किलोमीटरवर सह्याद्रीची धार. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर रात्री जमीन आपली उष्णता भराभर गमावते. जड, गार हवा उतारांवरून सरकत उल्हासच्या खोऱ्यात साचते. अशा पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. कर्जत-बदलापूर पट्ट्यातले धुके आणि त्यामुळे रखडणाऱ्या लोकल हे याच साचलेल्या हवेचे काम. खोऱ्यातला हा गारवा उथळ असतो, म्हणून तो मोडायला फार काही लागत नाही.

पहिली ऊब येते ती पश्चिमी झंझावातांमुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघणाऱ्या या प्रणाली वरच्या थरांतील वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून येतात आणि काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात. त्यांचा गाभा कोकणापासून फार उत्तरेला असतो. पण तो जवळ येताना राजस्थानच्या आसपास हवेचा दाब उतरतो आणि कोकणातले उत्तरेचे कोरडे वारे थांबतात. समुद्रावरची दमट हवा आत शिरते. जानेवारीतही मुंबईजवळच्या समुद्राचे पाणी 25-26 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे ती हवा पहाटेच्या जमिनीपेक्षा बरीच उबदार असते. वर ढगही आले, तर जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेचा काही भाग ते परत खाली पाठवतात. परिणामी किमान तापमान चढते, दुपारचे मात्र फारसे वाढत नाही. कधी ढगांमुळे ते उतरतेही.

झंझावात पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून उत्तरेची थंड, कोरडी हवा येते, म्हणून ही ऊब पुष्कळदा पुढच्या थंडीची वर्दी असते. 23 जानेवारी 2022 रोजी अशाच एका झंझावातामागच्या वाऱ्यांनी पाकिस्तानातली धूळ थेट मुंबई-ठाण्यापर्यंत आणली होती. आकाश पांढुरके झाले आणि पाठोपाठ दिवसाचे तापमानही घसरले.

दुसरी ऊब घाटावरून उतरते. मध्य भारतावर हवेचा जास्त दाब असला, की त्याच्या दक्षिण कडेने वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि दख्खनच्या पठारावरची हवा सह्याद्री ओलांडून कोकणात येते. खाली येताना तिच्यावरचा दाब वाढतो आणि ती दाबली जाऊन तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, तेही मुख्यतः याच कारणाने. कोरडी हवा दर किलोमीटर उतरणीला सुमारे 9.8 अंशांनी तापते. 700 मीटर उंचीवर 28 अंश असलेली हवा कल्याणच्या पातळीला पोहोचेपर्यंत 35 अंशांच्या जवळ जाते. तिच्यात नवे बाष्प मिसळत नाही, त्यामुळे सापेक्ष आर्द्रता घसरते. वर 35 टक्के असेल तर खाली सुमारे 25 टक्के. त्यात पूर्वेचा वारा समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांना अडवून धरतो. एरवी दुपारी तापमानाला लगाम घालणारे हे वारे उशिरा आले, की पारा चढतच राहतो. मोहने किनाऱ्यापासून आत असल्याने इथे ते मुळातच उशिरा पोहोचतात.

उतरणारी हवा तापते, हे आज शालेय ज्ञान आहे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यावर कडाक्याचा वाद होता. आल्प्सच्या दऱ्यांत हिवाळ्यात अचानक सुटणारा ‘फ्योन’ हा उष्ण वारा काही तासांत बर्फ वितळवतो. तो सहारा वाळवंटातून येतो, असे स्विस भूवैज्ञानिक मानत. बर्लिनचे नामांकित हवामानतज्ज्ञ हाइनरिख डोव त्याचे मूळ वेस्ट इंडीजच्या बाजूला शोधत होते. 1866 मध्ये ऑस्ट्रियाच्या युलियस हान यांनी या दूरदेशींची गरजच संपवली : हवा गरम होऊन आलेली नसते, ती डोंगर उतरताना गरम होते. तेव्हा हान अवघे 27 वर्षांचे होते. ग्रीनलंडचा दाखला तर बिनतोड आहे. तिथे बर्फाने झाकलेल्या अंतर्भागाकडून पश्चिम किनाऱ्यावर येणारा वाराही हिवाळ्यात उबदार असतो. त्या वाटेवर कोणतेही वाळवंट नाही. पुढे व्हिएन्नाच्या केंद्रीय हवामान संस्थेचे संचालक झालेल्या हान यांचे नाव त्यांच्या शोधाइतके सर्वदूर पोहोचले नाही, हे विज्ञानाच्या इतिहासातले एक आश्चर्यच.

पाठ्यपुस्तकांत फ्योनची गोष्ट बहुधा पावसापासून सुरू होते : हवा डोंगर चढते, पाऊस पाडते, बाष्पाची सुप्त उष्णता तिच्यात उरते आणि पलीकडे ती अधिक गरम होऊन उतरते. हे खरे असले तरी आवश्यक नाही. जानेवारीत पठारावर पाऊस नसतो, तरी सह्याद्री ओलांडणारी हवा तापते. उंचावरची हवा खाली खेचली गेली, एवढे पुरते.

याच तत्त्वाचा सर्वांत नाट्यमय आविष्कार उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत दिसतो. रॉकी पर्वतावरून उतरणारा तिथला वारा म्हणजे ‘चिनूक’. 22 जानेवारी 1943 रोजी साउथ डकोटातील स्पिअरफिश गावी सकाळी साडेसातला तापमान दोन मिनिटांत उणे 20 अंशांवरून 7 अंशांवर गेले. नऊच्या सुमारास ते 12 अंशांपर्यंत चढले आणि वारा पडताच 27 मिनिटांत पुन्हा उणे 20 झाले. मोंटानातील लोमा येथे 14-15 जानेवारी 1972 ला 24 तासांत 57 अंशांचा फरक नोंदला गेला. एवढा फरक केवळ उतरणीचा नसतो. तिथे जमिनीलगत ध्रुवीय हवेचा थर असतो आणि चिनूक त्याला बाजूला ढकलतो. कोकणात बाजूला सारायला असतो तो फक्त रात्रीचा पातळ गारवा, शिवाय सह्याद्री रॉकीपेक्षा पुष्कळ ठेंगणा. म्हणून इथला बदल काही अंशांत मोजला जातो.

तेवढा बदलही पिकांना जाणवतो. पश्चिमेची ऊब ढगाळ, दमट असते. तिच्यात आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी, तर भातानंतर ओलाव्यावर घेतलेल्या वालावर मावा वाढतो. पूर्वेच्या कोरड्या उन्हात वाटाण्या-गोटीएवढ्या कैऱ्यांची गळ होते. बागायतदारासाठी म्हणूनच ‘ऊब वाढली’ एवढे पुरेसे नाही. किमान वाढले की कमाल, हे पाहावे लागते.

बातम्या वाचतानाही हीच कसोटी उपयोगी पडते. किमान तापमान 15 अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी कमी असेल, तर किनारी भागात थंडीची लाट मानतात. कमाल 37 अंश किंवा वर आणि सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची. मुंबईचा नीचांक 7.4 अंश, 22 जानेवारी 1962 चा. तिथेच 25 फेब्रुवारी 1966 ला 39.6 अंश नोंदले गेले. म्हणजे हिवाळ्यातले टोकाचे दिवस नवे नाहीत. एका उबदार आठवड्यावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, तसा एका गारठ्याने तो खोटाही ठरत नाही. त्यासाठी 30 वर्षांच्या सरासऱ्या एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. आठवड्यापुरत्या उबेचा खुलासा मात्र वाऱ्याची दिशा, ढग आणि खाऱ्या वाऱ्यांची वेळ या तीन नोंदींतून बहुतांशी मिळतो.