सव्वीसांतली पंचवीस अक्षरे

इंग्रजीतले पाच शब्द शोधायचे. प्रत्येक शब्द पाच अक्षरांचा हवा आणि पाचही शब्दांत मिळून एकही अक्षर दुसऱ्यांदा यायला नको. म्हणजे वर्णमालेतल्या 26 अक्षरांपैकी 25 वापरायची आणि एकच शिल्लक ठेवायचे. वर्डल या शब्दखेळाने जगभर पाच अक्षरी शब्दांचे वेड लावले, त्याच 2022 साली मॅट पार्कर या ऑस्ट्रेलियन गणितप्रसारकांनी हे कोडे संगणकाकडून सोडवून घेतले. उत्तरे मिळाली, पण त्यासाठी लॅपटॉप जवळपास महिनाभर राबत होता. त्यांनी ही हकिकत व्हिडिओतून सांगितली आणि प्रेक्षक कामाला लागले. बघता बघता महिन्याचे काम काही मिलिसेकंदांवर आले. वेग चाळीस कोटी पटींनी वाढला होता! हे कसे घडले, यात संगणकशास्त्राचा एक मोठा धडा आहे.

आधी कोड्याचा आवाका पाहू. एकही अक्षर पुन्हा न येणारे पाच अक्षरी शब्द दहा हजार धरले, तर त्यांतून पाच-पाच शब्दांचे संच होतात सुमारे 8 वर 17 शून्ये इतके. सेकंदाला शंभर कोटी संच तपासणारे यंत्रही या कामात 26 वर्षे अडकून पडेल. म्हणून शोधण्याआधी गाळायला शिकावे लागते.

पहिली चाळण अगदी सोपी आहे. एकाच अक्षरसमूहातून बनलेले शब्द वेगवेगळे तपासायची गरज नसते. त्यांतला एक ठेवायचा आणि बाकीचे उत्तर मिळाल्यावर जोडायचे. पण दोन शब्दांची अक्षरे तीच आहेत, हे यंत्राने झटकन ओळखायचे कसे? त्यासाठी प्रत्येक अक्षराला एक किंमत द्यायची : ए म्हणजे 1, बी म्हणजे 2, सी म्हणजे 4, अशी दुपटीने वाढत जाणारी. तीन अक्षरांचे उदाहरण घेतले तर ‘कॅट’ची बेरीज येते 5,24,293 आणि ‘ॲक्ट’चीही तितकीच. शब्दाची अशी संख्या झाली की संगणकाच्या दृष्टीने ती 26 दिव्यांची रांग असते. जे अक्षर शब्दात आहे त्याचा दिवा पेटलेला. दोन शब्दांत सामाईक अक्षर आहे का, हे मग एकाच क्रियेत कळते. एरवी अक्षराला अक्षर ताडून पाहण्यात वेळ जातो.

दुसरी चाळण भाषेच्या स्वभावातून येते. वाय धरला तर इंग्रजीत स्वराचे काम करणारी अक्षरे सहा आणि शब्द हवेत पाच. मोजके अपवाद सोडले तर प्रत्येक शब्दाला निदान एक स्वर लागतोच. म्हणजे फार तर एका शब्दाला दोन स्वरांची चैन परवडते, बाकीच्यांना एकावर भागवावे लागते. वर्डलच्या पहिल्या डावात अनेकांचा लाडका असलेला ‘ऑडिओ’ हा शब्द एकटाच चार स्वर खातो, त्यामुळे तो इथे कुचकामी. उलट ‘निम्फ’, ‘वॉल्ट्झ’, ‘फ्योर्ड’ हे व्यंजनांनी गच्च भरलेले शब्द मोलाचे. या तिघांना ‘गक्स’ आणि ‘व्हायबेक्स’ हे दुर्मीळ शब्द जोडले की एक उत्तर पूर्ण होते; फक्त क्यू उरतो. दुसऱ्या एका उत्तरात आपल्या ओळखीच्या ‘वक्फ’चे इंग्रजी अनेकवचन येते. त्यात क्यू असल्याने तिथे एक्स शिल्लक राहतो.

तिसरी युक्ती सर्वांत सुंदर आहे. एकच अक्षर वगळायची मुभा असल्यामुळे क्यू आणि एक्स यांपैकी निदान एक अक्षर उत्तरात असलेच पाहिजे. ही अक्षरे असलेले शब्द थोडे. शोध तिथूनच सुरू केला, तर प्रचंड पसारा पहिल्याच पावलात बाद होतो. स्टॅनफर्डचे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी 2000 साली मांडलेल्या ‘डान्सिंग लिंक्स’ या पद्धतीत हाच विचार आहे : जिथे पर्याय सर्वांत कमी, तिथून सुरुवात करा. सुडोकू सोडवणारे अनेक प्रोग्रॅम याच तत्त्वावर चालतात.

जर्मन संगणकशास्त्रज्ञ बेंजामिन पासेन यांनी कोड्याला आलेखाचे रूप दिले. प्रत्येक शब्द हा एक बिंदू, आणि ज्या दोन शब्दांत एकही अक्षर सामाईक नाही ते रेषेने जोडलेले. आता एकमेकांशी जोडलेले पाच बिंदू तेवढे शोधायचे. पहिला शब्द निवडला की त्याचे शेजारीच विचारात घ्यायचे, दुसरा निवडला की दोघांचे सामाईक शेजारी. पावलागणिक यादी आक्रसत जाते. एवढ्या एका बदलाने महिन्याचे काम अर्ध्या तासाच्या आत आले. त्यानंतर इतरांनी वेगवान प्रोग्रॅमिंग भाषा वापरल्या, प्रोसेसरचे सगळे कोअर एकाच वेळी कामाला लावले आणि उरलेला वेळही कापत नेला.

यंत्राच्या वेगाचे आपल्याला अप्रूप असते. पण महिना आणि मिलिसेकंद यांच्यातले अंतर नव्या यंत्राने कापलेले नाही. मुख्यतः काय तपासायचे नाही, हे आधी ठरवल्यामुळे ते कापले गेले. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकणाऱ्या आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांनी हे कोडे जरूर हाती घ्यावे; इंग्रजी शब्दांच्या याद्या मोफत मिळतात आणि साधा लॅपटॉप पुरतो. फक्त एक करा : आधी कागदावर तर्क मांडा, मग कीबोर्डला हात लावा.