अग्यारीतला अहुर, वेदांतला असुर

अंधेरी-जोगेश्वरीच्या पारशी वसाहतींत आजही म्हटल्या जाणाऱ्या अवेस्ता भाषेतील प्रार्थनांत ज्या अहुर मझ्दाचे नाव येते, तो ‘अहुर’ म्हणजे ध्वनिनियमाने संस्कृतातील ‘असुर’च होय, कारण दोन्ही भाषांच्या समान पूर्वज भाषेतील स्वरापूर्वीचा ‘स’ इराणी शाखेत ‘ह’ झाला आणि त्यामुळेच सोमाचा ‘हओम’, सप्ताचा ‘हप्त’ झाला. अर्थाची वाट मात्र इतकी सरळ नाही: ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत वरुणालाही ‘असुर’, म्हणजे सामर्थ्यवान प्रभू, असे गौरवाने म्हटले आहे, तर अवेस्तात ‘दएव’, म्हणजे संस्कृतातील ‘देव’च, त्याज्य ठरले. यावरून दोन टोळ्यांच्या धर्मयुद्धाची कथा रचणे आकर्षक असले तरी घाईचे आहे. ‘सुर’ हा शब्द तर ‘असुर’मधील ‘अ’ नकारार्थी समजून मागाहून तोडून काढलेला. उलट ‘देव’ आणि लॅटिन ‘देउस’ यांचे मूळ एकच, तेजस्वी आकाश सुचवणारे.