जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना. तोडलेल्या जहाजाची साखळी, दरवाजा, अगदी बोल्टसुद्धा वेगळा काढून विकणारा हा भाग. वस्तूत अजून किती जीव आहे, हे इथल्या माणसाला नुसत्या नजरेने कळते. घरातल्या लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपली ही पारख कमी पडते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट यंत्रेही ‘जुनी’ ठरली. अशा वेळी कोणी क्रॅक केलेले विंडोज टाकून देतो. त्यातून व्हायरसची भीती असतेच. शिवाय दुसऱ्याचा हक्क बुडवलेल्या वस्तूवर मुलांनी अभ्यास करावा, हे आम्हाला पटत नाही. लिनक्स मिंट मोफत आहे आणि कायदेशीरही. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असली तर काम सुखाने होते.

अडचण येते ती भीतीची. लिनक्स बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसायची का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. निकाहचे फोटो, गुणपत्रिका, हजच्या कागदांच्या प्रती ज्या घरात एकाच संगणकावर आहेत, तिथे हात थबकणारच. म्हणून आधी रंगीत तालीम करावी, आणि त्यासाठी व्हर्च्युअल मशीन उत्तम. संगणकाच्या आत चालणारा हा दुसरा, कल्पित संगणक. त्याची हार्ड डिस्क म्हणजे खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल.

८ जीबी रॅम असलेल्या, चालू स्थितीतल्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स हा मोफत प्रोग्राम बसवा. नव्या मशीनला ४ जीबी रॅम आणि ३० जीबीची डिस्क द्या. मशीन सुरूच झाले नाही, तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते पाहा; बहुतेक वेळा घोडे तिथेच अडते. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून ती मशीनला जोडा आणि मिंट बसवा. डिस्क पुसण्याचा तोच प्रश्न इथेही येईल. बेधडक ‘हो’ म्हणा, पुसली जाईल ती फक्त कल्पित डिस्क. मुलांना हे दोन-तीनदा करू द्या.

आता पेन ड्राइव्ह. तो ८ जीबीचा आणि रिकामा घ्या, कारण त्यावरचे सगळे जाणार आहे. व्हर्च्युअल मशीनमधल्या ब्राउझरने आयएसओ पुन्हा उतरवा. पेन ड्राइव्ह लावला तरी मशीनला तो आपोआप दिसत नाही. खिडकीच्या वरच्या ‘डिव्हाइसेस’ मेनूतून ‘यूएसबी’मध्ये जाऊन त्याचे नाव निवडावे लागते. मग मिंटमधले ‘यूएसबी इमेज रायटर’ उघडून फाइल आणि ड्राइव्ह निवडा, पासवर्ड द्या आणि थांबा.

विंडोजवर रुफससारख्या प्रोग्रामने हेच काम झटपट होते, मग एवढा खटाटोप कशाला? सवय होते, हा एक फायदा. दुसरा अधिक मोलाचा: या मशीनला आपण हाती दिलेला ड्राइव्हच दिसतो. बाजूला फोटोंची बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असली, तरी चुकून तिच्यावर बोट पडण्याचा धोका राहत नाही.

तयार ड्राइव्ह जुन्या लॅपटॉपला लावून तो सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा. ती एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, कंपनीनुसार वेगळी असते. मिंट थेट पेन ड्राइव्हवरून चालू होईल. ‘इन्स्टॉल’ला हात न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा आणि घरातला प्रिंटर तपासा. कीबोर्डच्या यादीतून मराठी, उर्दू, अरबी जोडून चार ओळी लिहून पाहा. तोवर लॅपटॉपच्या डिस्कला काही होत नाही. सगळे जमले तर आधी सर्व फाइलींची प्रत बाहेर काढा, ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, आणि मगच ‘इन्स्टॉल’ दाबा.