जपानांतील एक घरजांवई

आमच्याकडे 'घरजांवई' हा शब्द उच्चारतांच ऐकणाराच्या ओठांवर बारीकसें हंसूं उमटतें. संस्कृत सुभाषितकारांनीं जांवयास दहावा ग्रह ठरविलें खरें. पण तो ग्रह सणावारापुरता येतो तोंवरच पूज्य! सासऱ्याच्या ओसरीवर कायमचा बसला कीं त्याचें तेज गेलेंच म्हणून समजावें. असल्या गृहस्थास एका सबंध राष्ट्रानें अर्धशतकाहून अधिक काळ दर रविवारीं सायंकाळीं प्रेमानें आपल्या घरांत घ्यावें, याचें मला मोठें नवल वाटलें. तें नवल वाचकांस सांगावेंसें कां वाटलें, तें शेवटीं येईलच.

या कथेचें नांव 'साझाए-सान'. चित्रांतून कथा सांगण्याच्या प्रकारास जपानांत 'मांगा' म्हणतात. ही मांगा चार चौकटींची. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत चार लहान चित्रें, आणि चौथ्या चित्रांत हंसूं. २२ एप्रिल १९४६ रोजीं फुकुओका शहरांतील एका सायंदैनिकांत ती सुरू झाली. महायुद्ध संपून तेव्हां वर्षहि झालें नव्हतें. अन्न, वस्त्र, जळण, साऱ्यांचीच टंचाई होती. १९४९ मध्यें ती 'आसाही' या वृत्तपत्राकडे गेली आणि १९७४ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. चारचार चित्रांचे असे सुमारें साडेसहा हजार प्रसंग एकाच हातानें रेखाटले.

तो हात माचिको हासेगावा (१९२०–१९९२) या बाईंचा. त्यांचे वडील १९३३ मध्यें वारले, तेव्हां त्या तेरा वर्षांच्या होत्या. मागें राहिल्या आई आणि तिघी बहिणी. या बायकांनींच पुढें स्वतःची प्रकाशनसंस्था काढून तिला बहिणींवरूनच नांव दिलें. पहिलें पुस्तक इतकें रुंद निघालें कीं तें दुकानाच्या फळीवर नीट बसेना, आणि प्रती परत आल्या! दुसरें पुस्तक लहान काढलें तें खपलें. माचिकोबाईंनीं लग्न केलें नाहीं. ज्या मुलीच्या घरांत बापाची जागा लहानपणींच रिकामी झाली, तिनें आयुष्यभर जें घर चितारलें त्यांत मात्र टकलाचा, रागीट पण मायाळू असा बाप रोज जेवणाच्या मेजाशीं बसलेला आहे.

त्या घरांत माणसें सात. नामिहेई आणि त्याची पत्नी फुने. त्यांची थोरली मुलगी साझाए. धाकटीं कात्सुओ आणि वाकामे. साझाएचा नवरा मासुओ आणि त्यांचा तीन वर्षांचा मुलगा तारा. हीं सारीं नांवें समुद्राशीं निगडित. फुकुओकाच्या किनाऱ्यावर फिरतांना तीं बाईंना सुचलीं. 'साझाए' म्हणजे एक शिंपलेवजा जीव, 'वाकामे' म्हणजे समुद्रांतलें शेवाळ, 'नामि' म्हणजे लाट आणि 'फुने' म्हणजे होडी.

मासुओ सासुरवाडीस कां राहतो? भाड्याच्या घरीं असतां जळणासाठीं त्यानें घरमालकाचें कुंपणच करवतीनें कापलें, आणि बिऱ्हाड हलवावें लागलें. जपानांत मुलीचा नवरा दत्तक घेऊन त्यास सासऱ्याचें आडनांव देण्याची चाल जुनी आहे. पण मासुओ तसा दत्तक नव्हे. सासरा इसोनो, जांवई फुगुता. एका छपराखालीं दोन आडनांवें नांदतात. कुटुंबप्रमुखाच्या हातीं सर्व सत्ता देणारा जुना कायदा १९४७ च्या सुधारणेनें गेला. कायद्याची सक्ती सरल्यावरहि जें एकत्र राहतें, तें घर केवळ एकमेकांच्या इच्छेवर उभें असतें. शिवाय येथें स्वयंपाकघर मायलेकींचें असल्यामुळें सासूसुनेच्या कलहास जागाच नाहीं. जें काय सोसावयाचें तें जांवयाच्या वांट्यास येतें, आणि तो तें हंसून सोसतो.

पडद्यावर ही कथा अनेक वेळां आली. १९५६ ते १९६१ या काळांत गायिका-नटी चिएमी एरी हिनें साझाएची भूमिका करून दहा बोलपट गाजविले. ५ ऑक्टोबर १९६९ पासून फुजी टेलिव्हिजनवर हलत्या चित्रांची मालिका सुरू झाली. जगांत सर्वांत दीर्घकाळ चाललेली अशी मालिका म्हणून गिनेसच्या ग्रंथांत तिची नोंद आहे. साझाएचा आवाज पहिल्यापासून मिदोरी कातो यांचाच. रविवारचा हा खेळ संपला कीं उद्यां कामावर जावयाचें या विचारानें मन खट्टू होतें. त्या दुखण्यासहि तिकडे साझाएचेंच नांव दिलें आहे!

या चित्रांत एक उणीव मात्र मला फार जाणवली. येथें कोणाचें वय वाढत नाहीं. साझाए सदां चोवीसची, नामिहेई सदां चौपन्नचा. म्हातारपणानें कोणी अंथरुणास खिळत नाहीं, म्हणून एकत्र कुटुंबाची खरी परीक्षाहि होत नाहीं. इकडे २०२० च्या जनगणनेप्रमाणें जपानांत शेंकडा अडतीस घरांत एकेकटें माणूस राहतें. रविवारीं तें चित्र पाहणारांत अशीं एकटीं माणसें किती असतील!

मीहि त्यांतलाच होतों. पत्नी वारल्यास तीन वर्षें झालीं. एकुलती कन्या आणि जांवई आग्रह करीत; पण लेकीच्या घरचें पाणीहि पिऊं नये, हा वडिलांचा दंडक सांगून मी टाळीत असें. गेल्या पावसाळ्यांत अंगणांत घसरून पडलों. जांवयानें उचलून आपल्या घरीं नेलें, तेव्हां दंडक सांगावयास सवड मिळाली नाहीं. सहा आठवडे त्यानें माझें सारें केलें. नात उशाशीं बसून हीं जपानी चित्रें दाखवी. एके दिवशीं मी परत जाण्याची भाषा काढली, तेव्हां जांवई म्हणाला, "बाबा, मासुओला तिथें राहतांना लाज वाटत नाहीं, मग तुम्हांलाच इथें कां वाटावी?"

आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मास्तराला त्याचें उत्तर देतां आलें नाहीं.

माझी भाड्याची खोली मीं सोडली आहे. जांवयाच्या दारावरील पाटीवर नातीनें खालच्या ओळींत माझें नांव घातलें आहे. दोन आडनांवांची ती पाटी पाहून येणारेजाणारे क्षणभर थबकतात. थबकोत बापडे!