गोठ्याचा फोटो

खेड्याचे छायाचित्र म्हटले की डोळ्यांसमोर येते ते बहुधा दिनदर्शिकेवरचे. हिरवे शेत, लांबवर डोंगर, सायंकाळचे केशरी आभाळ आणि पाठमोरी बैलगाडी. गोठा, कडब्याची गंज, शेणाने सारवलेली कणगी यांना त्यात जागा नसते. ज्यांच्यावर शेती चालते, ते सारे चौकटीबाहेर!

बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर असताना मी वेगळेच फोटो पाहत असे. विहीर, पंप, कानात बिल्ला मारलेली म्हैस आणि शेजारी अवघडून उभा असलेला कर्जदार. भर उन्हात, अगदी समोरून काढलेले. देखणे मुळीच नसत; पण विहिरीचे बांधकाम दगडाचे की सिमेंटचे, गोठ्यावर कौले की पत्रे, हे स्वच्छ कळे. निवृत्तीनंतर हौसेने कॅमेरा घेतला, तेव्हा कादंबरीकारापेक्षा हा बँकवालाच जास्त उपयोगी पडला.

वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३६ साली अलाबामातल्या वाटेकरी शेतकऱ्यांची लाकडी घरे अशीच समोरून, काही न सजवता टिपली. स्वयंपाकघरातल्या फळीच्या भिंतीवर पट्टीमागे खोचलेले काटे-चमचेदेखील त्याने सोडले नाहीत.

आपल्याकडचा काळा दगड मात्र प्रकाश पिऊन टाकतो. ऊन तिरपे असताना सकाळी जावे, म्हणजे दगडावरचे छिन्नीचे घाव आणि आडाच्या काठावर दोराने पाडलेले चर उठून दिसतात. आणि मोजमाप कळायला चौकटीत माणूस हवाच.

सातारा जिल्ह्यातल्या लिंब गावची बारा मोटांची विहीर पाहायला लोक गाड्या करून जातात. साध्या एका मोटेच्या विहिरीला कोण विचारतो? विजेचे पंप आले, मोट गेली. मग बैलांची धाव नांगराखाली आली, थारोळ्याचा दगड कपडे धुवायला गेला. आज खिशाखिशांत कॅमेरा आहे, पण शिवारात जाऊन लोक टिपतात ते स्वतःलाच. अशा एखाद्या विहिरीचा फोटो काढावा, मागे गाव आणि तारीख लिहावी. एवढे तर घराघरांतून होण्यासारखे आहे.

मात्र आपल्याला जे जुने म्हणून सुंदर वाटते, ते घरच्या माणसाला तसे वाटेलच असे नाही. त्याच भागात मी एक मातीच्या भिंतींचा गोठा टिपत होतो. म्हातारे मालक लगबगीने आले.

‘‘सायेब, पडक्याचा कशाला काढताय? लोकांस्नी वाटंल, आमचं सगळंच बसलंय. तकडं नवा स्लॅब टाकलाय, त्याचा काढा की.’’

त्यांचे म्हणणे रास्त होते. आधी नव्या घराचा फोटो झाला. लेक, सून, मोटारसायकल, सगळ्यांसह. प्रत पाठवायचे ठरले. मग आजोबा आपणहून गोठ्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

‘‘आमच्या बानं बांधलाय ह्यो. आता घ्या.’’

दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागत होती.