मुकुट पाहा, रंग नको

चैत्र-वैशाखात जतचा माळ करपून जातो, तेव्हाही विजापूर रस्त्याच्या कडेला आणि ओढ्याकाठी रुई फुललेली असते. माडग्याळी मेंढ्यांचा कळप तिला वळसा घालून पुढं जातो. तिच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात आणि तो चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

जांभळट फुलांची ती रुई आणि पांढऱ्या फुलांची ती मांदार, असे दोन प्रकार आपण मानतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात या दोन्ही एकाच जातीच्या, कॅलोट्रोपिस जायगँशियाच्या. खरी वेगळी जात आहे प्रोसेरा, आणि तिला आपण नुसती रुई म्हणून सोडून देतो. लिनियसनं १७५३ मध्ये जायगँशियाचं वर्णन केलं. प्रोसेराचं वर्णन एटननं १७८९ मध्ये केलं. तेव्हा दोघींची गणना अस्क्लेपियस या प्रजातीत होत होती.

ओळखायचं कसं? फूल हातात घ्या. जायगँशियाच्या पाकळ्या पसरून मागं झुकतात, कळी लांबट असते, आणि मधल्या मुकुटाचे पाच भाग मधल्या खांबापेक्षा बुटके राहतात. प्रोसेराचं फूल लहान. तिच्या पाकळ्या ताठ उभ्या, खाली पांढऱ्या आणि टोकाला गडद जांभळ्या असतात. कळी गोल, आणि मुकुट खांबाच्या बरोबरीला किंवा त्याच्याही वर. वासही सांगतो: प्रोसेराला सुगंध असतो, जायगँशियाला जवळपास नसतो.

मुकुटाच्या आतली रचना मला सर्वांत विलक्षण वाटते. इथं पराग पूड होऊन उधळत नाहीत. मेणासारख्या दोन पुंजांत ते जोडीनं बांधलेले असतात. मधासाठी उतरलेल्या काळ्या भुंग्याचा पाय खाचेत अडकतो, आणि तो ओढून काढताना ही जोडीही उचकटून बाहेर येते. पुढच्या फुलात ती नेमकी खाचेत बसली, तरच फळ धरतं. झुपक्यात एवढी फुलं असूनही बोंडं मोजकीच दिसतात, त्याचं एक कारण हे.

प्रोसेराचा पसारा आफ्रिका-अरबस्तानाकडून भारतापर्यंत, तर जायगँशियाचा भारतापासून पूर्वेकडे चीन-इंडोनेशियापर्यंत. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात दोघी भेटतात. माणसांनी त्यांना आणखी दूर नेलं. प्रोसेरा ऑस्ट्रेलियात तण ठरली. जायगँशियाची फुलं हवाईत लिलिउओकलानी राणीची आवडती झाली, आणि तिथं अजून त्यांच्या माळा गुंफतात. आपल्याकडे शनिवारी मारुतीच्या गळ्यात पानांची माळ पडते, रथसप्तमीच्या स्नानाला पान डोक्यावर येतं.

पांढऱ्या मांदाराच्या मुळात गणपती सापडतो, या श्रद्धेपायी मात्र झाडं मुळासकट खणली जातात. पांढरा रंग हा त्याच जातीतला एक भेद आहे. त्यासाठी फुललेलं झाड उपटू नये. मुळाऐवजी बी गोळा करावं. बोंड फुटण्याआधी त्यावर कापडी पिशवी बांधली, तर रेशमी म्हातारीसकट सगळं बी हाती लागतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते बांधावर टाकता येतं.