बरे झालेल्यांची दुसरी पाळी

देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, हे आपल्याकडे घरोघरच्या वडीलधाऱ्यांना वैद्यकशास्त्र न शिकताही ठाऊक होते. गोवर आणि कांजिण्या यांचेही तेच. रोग्याजवळ बसायचे ते ज्याला हे दुखणे होऊन गेले आहे त्यानेच, ही रीत त्या अनुभवातूनच आली. २०२० साली कोरोना आला तेव्हा आपण सर्वांनी, आणि त्यात सरकारही आले, हेच जुने माप नव्या रोगाला लावले. जो बरा झाला तो सुटला, असे गृहीत धरले गेले. रोजच्या सरकारी पत्रकात बाधित, उपचाराधीन, बरे झालेले आणि मृत असे चार रकाने असत. बरे झालेल्यांचा आकडा वाढला की आपण समाधानाचा निःश्वास टाकत असू. त्या रकान्यात गेलेला माणूस पुन्हा पहिल्या रकान्यात येऊ शकतो, याची तरतूद त्या पत्रकात नव्हती.

या गैरसमजाची खरी झळ पोचते ती दाटीवाटीने राबणाऱ्या शहरांना. गुजरातेतील कोरोनाचा पहिला बळी २२ मार्च २०२० रोजी सुरतेतच पडला. टाळेबंदी सैल होताच त्या वर्षीच्या जून-जुलैत वराछा, कतारगाम या भागांतील हिऱ्यांच्या कारखान्यांत रोग शिरला. हिऱ्याला पैलू पाडायच्या चाकाला तेथे घंटी म्हणतात. एका घंटीभोवती चौघे कारागीर समोरासमोर, एकमेकांच्या श्वासात बसतात. चौघांच्या जागी दोघेच बसावेत, असा नियम महापालिकेला करावा लागला. उधना, लिंबायत, पांडेसरा या बाजूला यंत्रमागांचा खडखडाट. तेथे मजुरांमध्ये धुळे, नंदुरबार, जळगावचे आपले खानदेशी बांधव मोठ्या संख्येने आहेत. बारा तासांची पाळी, एका खोलीत सहा-आठ जणांचा बिछाना, आणि रोजावर अवलंबून असलेले गावाकडचे घर! अशा माणसाला डॉक्टरांनी बरा ठरवले की तो दुसऱ्या दिवशी मागावर उभा राहणार. ‘मला होऊन गेला आहे, आता काय व्हायचे?’ या एका वाक्याने किती तोंडांवरचे रुमाल गळ्यात आले असतील! आणि हे वाक्य केवळ मजुरांच्या तोंडी नव्हते. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित दिवाणखान्यांतही ते तितक्याच आत्मविश्वासाने बोलले जाई.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, तेव्हा सुरतेच्या स्मशानभूमींतील गॅसदाहिन्या अहोरात्र चालून त्यांचे लोखंडी भाग वितळू लागल्याच्या बातम्या जगभर गेल्या. त्या अग्नीत गेलेले सारे दुसऱ्यांदा बाधित झालेले होते, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पहिली लाट ओसरली म्हणजे शहराचा रोगाशी हिशेब चुकता झाला, ही समजूत मात्र त्या दाहिन्यांतच जळून गेली.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. आरंभीची शंका पुष्कळशी खोटी ठरली होती. एप्रिल २०२० मध्ये दक्षिण कोरियात बरे झालेल्या दोनशेहून अधिक रुग्णांच्या चाचण्या पुन्हा होकारार्थी आल्या आणि एकच खळबळ उडाली. चौकशीअंती ते मेलेल्या विषाणूचे अवशेष असल्याचे निष्पन्न झाले. खरा पुरावा ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगहून आला. तेथील ३३ वर्षांच्या एका गृहस्थाला १४२ दिवसांनंतर दुसऱ्यांदा लागण झाली, आणि दोन्ही वेळच्या विषाणूंची जनुकीय रचना वेगळी होती. १३ ऑक्टोबर २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी आपल्याकडील तीन प्रकरणांचा उल्लेख केला. त्यांपैकी दोन मुंबईची होती, एक अहमदाबादचे.

वस्तुतः यात नवल करण्यासारखे थोडेच होते. सर्दीपडशाला कारण होणारे चार कोरोना विषाणू मानवजातीला पूर्वीपासून छळीत आले आहेत. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दहा निरोगी पुरुषांच्या पस्तीस वर्षांतील रक्तनमुन्यांवरून दाखवून दिले, की हे विषाणू वर्षभरात पुन्हा गाठू शकतात. रक्तातील प्रतिपिंडे ओसरतात आणि विषाणूही आपले रूप पालटतो. तरीही शरीराची स्मरणशक्ती टिकून असते. स्मृतिपेशी शत्रूला ओळखतात, आणि म्हणूनच दुसरे दुखणे बहुधा सौम्य जाते. ब्रिटनमधील आरोग्यसेवकांच्या पाहणीत एकदा झालेल्या संसर्गाने निदान पाच महिने सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. हे संरक्षण मोठे आहे, पण ते अभेद्य कवच नव्हे. अमेरिकेतील नेवाडा येथील एका पंचविशीतल्या तरुणाला दुसऱ्या वेळी प्राणवायू द्यावा लागला, पहिल्या वेळी लागला नव्हता. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन अवतरला आणि जुन्या संसर्गाचे संरक्षण त्याने फारच सहजपणे भेदले. डेंग्यूचे तर याहून उलटे असते. त्याची दुसरी खेप पहिलीपेक्षा अधिक घातक ठरू शकते, आणि पावसाळ्यानंतरच्या सुरतेला हे कोणी शिकवायला नको. ‘होऊन गेले’ या दोन शब्दांचा अर्थ रोगागणिक बदलतो तो असा.

आमची खरी तक्रार मात्र विषाणूबद्दल नाही, ती वहीबद्दल आहे. पुनर्बाधा कशाला म्हणावे, याची व्याख्या संशोधन परिषदेने केली. दोन होकारार्थी चाचण्यांमध्ये किमान १०२ दिवसांचे अंतर हवे आणि मधल्या काळात एक नकारार्थी चाचणी हवी. या कसोटीवर १,३०० जणांची छाननी केली असता ५८ जण, म्हणजे साडेचार टक्के, पुनर्बाधित ठरले. व्याख्या शास्त्रशुद्ध आहे, यात वाद नाही. पण ८ मे २०२० च्या सरकारी धोरणानुसार सौम्य रुग्णाला दहा दिवसांनी, पुन्हा चाचणी न करताच, घरी पाठविण्यात येऊ लागले होते. खाटा आणि चाचण्या तुटपुंज्या असताना तो निर्णय व्यवहार्य होता, हे आम्ही मान्य करतो. मात्र त्याचा परिणाम असा झाला, की ज्यांची मधली चाचणी कधी झालीच नाही अशी असंख्य माणसे कितीही वेळा आजारी पडली तरी त्या व्याख्येत बसूच शकत नव्हती. जनुकीय पुराव्यासाठी पहिला नमुना जपून ठेवावा लागतो. सामान्य रुग्णाचा नमुना कोण जपणार? ब्रिटनलाही हा दोष उमगायला वेळ लागला. तेथे ३१ जानेवारी २०२२ पासून पुनर्बाधितांची गणना दैनंदिन आकड्यांत होऊ लागली. तोवर तेथेही माणूस एकदाच मोजला जात असे.

यंत्रमागावरच्या कामगाराची गोष्ट तर आणखी निराळी. पहिला ताप सुरतेत यावा, दुसरा भुसावळच्या गाडीने गावी गेल्यावर नंदुरबारात यावा. मधल्या काळात फोनचा क्रमांक बदललेला, नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे. एकच माणूस दोन राज्यांच्या दप्तरांत दोन अनोळखी इसम होऊन बसतो. पुढे धाप लागू लागली, काम होईनासे झाले, तर आपले दुखणे त्या आजारातले आहे हे तो कोणत्या कागदाने सिद्ध करणार?

१९९४ च्या सप्टेंबरात प्लेगने सुरत हादरली आणि लक्षावधी लोक शहर सोडून पळाले. त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत तिने आपले रस्ते तर झाडलेच, शिवाय आजारांची रोजच्या रोज नोंद ठेवण्याची शिस्तही अंगी बाणवली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले असले, तरी विषाणू गेलेला नाही, आणि श्वासातून पसरणारा पुढचा रोग केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून गुजरात आणि महाराष्ट्र या दोन सरकारांना आमची मागणी अगदी साधी आहे. स्थलांतरित कामगाराच्या आजाराची नोंद सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकावर व्हावी, घरी सोडतानाच्या कागदावर पुढील तपासणीची तारीख असावी, आणि रोजच्या पत्रकात पाचवा रकाना असावा. आरंभ सुरत आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांपासून करता येईल.